हे कुठलं गाव आहे, बाई?

पत्र:

बाई, मी सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहते. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालंय, सध्या चित्रकलेचे क्लास घेते. आमच्या गल्लीतल्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत शिकले. आता तिथल्या मुख्याध्यापिकांनी रस्त्याकडच्या कंपाउंड भिंतीवर चित्र काढायला सांगितलंय. भिंत ७० फूट लांब, ८ फूट उंच. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ४५ हजार रुपये जमवलेत. चित्र 'गल्लीचं' असावं असं ठरलं म्हणून मी शाळेत बैठक घेतली आणि तिथंच सगळं बिनसलं. कुणाला महापुरुष हवेत. कुणाला सिद्धेश्वराची यात्रा, तर दुसरे म्हणाले मग मार्कंडेयाचा रथ का नको? एका माजी नगरसेवकांना स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत हवंय. मुलांना डोरेमॉन हवाय. मैत्रीण म्हणते, वारली काढ आणि मोकळी हो. एकटीनं ठरवलं तर ते गल्लीचं कसं? सगळ्यांचं ऐकलं तर ते चित्र कसं? आणखी एक. माझी आई विड्या वळते. तिला म्हटलं, तुलाच काढते भिंतीवर, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
— एक माजी विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर:

मुली,

तुझ्या पत्रात माणसांच्या मागण्या सहा आहेत आणि भिंतीबद्दल एक ओळ. लांबी-उंची तेवढी कळली. भिंतीला ओल आहे का, जुना रंग कसला आहे, ऊन कुठल्या बाजूनं येतं, यातलं काही नाही. त्याकडे येतेच. पण आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते, कारणं मागाहून. चित्र तू एकटीनं ठरवायचं. त्यात जाणारी वस्तू मात्र एकही एकटीनं ठरवायची नाही.

मी सव्वीस वर्षांची असताना कऱ्हाडच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेची भिंत रंगवली होती. तुझ्यासारखीच हौस होती. सरपंचांना, गुरुजींना, चार पालकांना विचारलं, "काय काढू?" सगळे एकमुखानं म्हणाले, गाव काढा, निसर्ग काढा. मी काढला. दोन डोंगर, मधून सूर्य, पाण्याला जाणाऱ्या बायका, बैलगाडी आणि कडेला नारळाची झाडं. हो, कऱ्हाडात नारळाची झाडं. काम संपलं त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी काठी टेकून बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "झकास झालंय. हे कुठलं गाव आहे, बाई?" मी काही बोलायच्या आत जवळ जाऊन त्यांनी बैलांवर काठी ठेवली. "आन् जुवाला शिवळा न्हाईत. बैलं मान काढून घ्येतील की."

शिवळ म्हणजे जुवातली ती उभी खुंटी, जिच्यामुळं बैलाची मान जागेवर राहते. मला तो शब्दही माहीत नव्हता. आणि लक्षात घे, मी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. पण चुकीचं विचारलं होतं. "काय काढू?" म्हटलं की माणूस आपल्या घरात डोकावत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकावतो. त्याला वाटतं, चित्र म्हणजे असं असतं. तुझ्या बैठकीत नेमकं हेच झालं. महापुरुष, देव, डोरेमॉन हे सगळं लोकांनी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर आधी पाहिलेलं आहे, म्हणून ते सुचलं. ती त्यांची आवड म्हणता येईल, पण माहिती नव्हे. आणि तुला हवी आहे माहिती. ज्या म्हाताऱ्याला शिवळ दिसली नाही म्हणून खटकलं, तो माणूस तुला चित्राच्या आधी भेटायला हवा.

तेव्हा आता बैठक नको. शाळेत चार वाजता खुर्च्या मांडून बोलावलं की बोलणारी माणसं येतात, माहीत असणारी येतातच असं नाही. तुझ्या गल्लीतल्या बायका त्या वेळी विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात हे तुला मी सांगायला नको. त्यांच्या ओट्यावर जा. काम थांबवू नकोस, शेजारी बस. चित्राचं नावही काढू नकोस. घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, ते विचार. ही शाळा नव्हती तेव्हा इथं काय होतं? लहानपणी कशाच्या आवाजानं जाग यायची? सोलापुरात जुन्या माणसांना हा शेवटचा प्रश्न विचारलास की गिरणीचा भोंगा येणारच. भोंग्यावर घड्याळं लावायचे, भोंग्यावर डबे निघायचे. जुनी मिल १८७७ सालची, तिच्यामागून बाकीच्या आल्या आणि एकेक करत बंदही पडल्या. तुझ्या वयाच्या पोरांनी भोंगा ऐकलेलाच नाही. आता आवाज भिंतीवर काढायचा कसा, हा तुझा प्रश्न. असे प्रश्न पडले पाहिजेत. डोरेमॉन काढायला काही प्रश्न पडत नाही.

मागावर बसलेल्या माणसाला भेट. हातमाग आता थोडे उरलेत, तरी म्हातारे विणकर आहेत. यंत्रमाग तर गल्लोगल्ली खडखडतात. आडवं सूत नेणारा धोटा कसा पळतो, ते घट्ट बसवणारी फणी कशी ठोकते, उभ्या सुताचा ताणा कुठून येतो, सुताच्या कांड्या कोण भरतं, हे सगळं वहीत रेखाटून घे आणि तीच वही त्यांनाच परत दाखव. "यात काय चुकलंय?" हा प्रश्न जादूचा आहे. "कसं वाटतंय?" विचारलंस तर सगळे छानच म्हणणार, त्यांना तुझं मन मोडायचं नसतं. "काय चुकलंय?" म्हटलं की तेलुगूत दोघं आपसात वाद घालतील, तुझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतील आणि तुझ्या धोट्याला टोक काढून देतील. त्या क्षणी ते चित्र तुझ्या एकटीचं राहिलेलं नसतं.

आणखी एक माणूस शोध. चादरीची नक्षी आखणारा. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढवायच्या नक्षीचा आलेख काढणारे, चौकडीच्या कागदावर घर घर रंगवत जाणारे जुने नक्षीकार. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण ज्यांनी हातानं केलंय ते अजून आहेत. आपण भिंतीवर चित्र मोठं करताना करतो काय? कागदावर चौकटी, भिंतीवर चौकटी, एका घरातलं दुसऱ्या घरात. तेच त्यांनी आयुष्यभर केलंय, आपल्यापेक्षा बारकाईनं. तुझी ७० फुटांची भिंत एक एक फुटाच्या चौकटींत आखली तर ५६० घरं होतात. त्या माणसाला ५६० घरं म्हणजे काहीच नाहीत. आखणीच्या दिवशी त्यांना खुर्ची टाकून समोर बसव. सूत मारायला गल्लीतला गवंडी बोलाव. निळीत बुडवलेली दोरी ताणून एक टिचकी मारली की सत्तर फुटांची सरळ रेषा उमटते. मुलं तर तेवढं बघायलाच गोळा होतील.

लॉस एंजेलिसमध्ये जुडिथ बाका या चित्रकार बाईंनी १९७६ साली एका पूरकालव्याच्या काँक्रीट भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. काही उन्हाळ्यांत मिळून ते चित्र सुमारे अर्धा मैल लांब झालं. रंगवणारी शेकडो मुलं त्याच शहरातली होती, त्यातली कित्येक पोलिसांच्या फेऱ्यात सापडलेली. आधी जुन्या माणसांशी, अभ्यासकांशी बोलणी, मग रेखाटनं, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा, अशी ती रीत. आखणीची सूत्रं बाकाबाईंच्या हातात होती. उदाहरण लांबचं आहे, पण तुझ्या मनात जो अपराधीपणा दिसतोय ना, की मी ठरवलं तर ते लोकांचं कसं, त्यासाठी दिलं. लोकांचं चित्र म्हणजे लोकांनी मत देऊन ठरवलेलं चित्र नव्हे. मतदानानं फार तर रंग ठरतो, आणि तोही बहुतेक वेळा गुलाबी.

आता मागण्यांकडे येऊ.

महापुरुष. त्यांचे फोटो मुख्याध्यापिकांच्या खोलीत आणि वर्गात आहेत, ते तिथंच राहू देत. रस्त्याकडची भिंत ही गुटख्याच्या पिचकारीची, पोस्टरची, लघवीची जागा असते. तू चेहरा काढणार, तो हुबेहूब आला नाही तर एक भांडण, आला आणि त्यावर पिचकारी पडली तर दुसरं, आणि ते भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतं. (भिंत घाण होऊ नये म्हणून देवांच्या फरशा लावतात, तसलं काही कुणी सुचवलं तर साफ नाही म्हण. देवाला राखणदारीला बसवू नये.) पण सोलापूरच्या शाळेत चार हुतात्मे मुलांना माहीत हवेत, यात कुणी म्हणत असेल तर तो बरोबर म्हणतोय. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, आदल्या वर्षीच्या सोलापूरच्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) प्रकरणात. चार नावं, आणि चौघांची घरं चार तऱ्हांची. तुमच्याकडे टॉवेलात, चादरीत नाव विणून देतात ना? तशी ही चार नावं चित्रातल्या कापडात विणून येऊ देत. नक्षीकारांना सांग अक्षरं चौकटीत बसवून द्यायला. चेहरा न काढता हुतात्मे भिंतीवर आले, आणि आले ते सोलापूरच्या पद्धतीनं.

यात्रा की रथ. इथं मला तुझी दया येते. दोन्ही आपापल्या जागी मोठ्या गोष्टी आहेत. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. एक घेतलंस की दुसरं घ्यावं लागतं, दुसरं घेतलंस की तिसरे येतात, आणि शेवटी तुझ्या भिंतीवर सगळ्या देवळांचं संमेलन भरतं. तेव्हा देव ठेव देवळात आणि जत्रा घे. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी भरणारा तो गड्डा, त्यातला आकाशपाळणा. त्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं प्रत्येक पोर बसलेलं असतं आणि वर गेल्यावर प्रत्येक पोर एकाच भाषेत ओरडतं. पाळणा गोल असतो, आठ फूट उंचीत छान बसतो. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना विचार, लहानपणी गड्ड्याला काय खाल्लं, कशात बसलात. दहा मिनिटांत मवाळ होतील.

माजी नगरसेवकांचं नाव जरूर टाक. फाटकाच्या आतल्या बाजूला एक चौकट कर आणि तिथं सगळ्यांची नावं लिही, अकारविल्ह्यानं, एकाच उंचीच्या अक्षरात. गवंडी, नक्षीकार, चहा आणून देणारं पोर, पन्नास रुपये देणारी आजी आणि ते साहेब. काम सुरू व्हायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत तसा ठराव करून घे, म्हणजे पुढं तुला एकटीला तोंड द्यावं लागणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. म्हणजे तुझ्या गल्लीतल्या आया त्या समितीत कायद्यानं आहेत. बहुधा सही करून घरी जातात. त्यांना या वेळी बोलू दे. आणि मुख्याध्यापिकांचं तोंडी 'हो' पुरत नाही, भिंत महापालिकेची आहे. शिक्षण विभागाचं लेखी पत्र फाइलला असू दे.

डोरेमॉन. मुलांवर चिडू नकोस, त्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला. त्यांना अभ्यास दे: शाळेतून घरी जाताना रोज दिसणारी एक गोष्ट काढून आणा. खोडरबर वापरायचं नाही. मी हा अभ्यास खूप वर्गांना दिलाय आणि कधी निराश झाले नाही. मोठ्यांना दिसत नाही असं बरंच मुलांच्या उंचीवर असतं. पायरीवरची शेळी, गॅरेजवाल्याचा पान्हा, शटरखालून दिसणारे पाय. तुमच्याकडे हमखास येतील ते दारादारातले निळे ड्रम, पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले. कुणीतरी म्हणेल, पाणीटंचाई काय भिंतीवर काढायची? काढायची. निळा ड्रम हा तुमच्या गल्लीचा जितका खरा रंग आहे तितका सूर्योदयही नाही. यातली दहा-पंधरा चित्रं जशीच्या तशी मोठी कर. शेळीला पाच पाय असतील तर पाच राहू देत. तू सुधारायला गेलीस की मूल म्हणेल, हे माझं नाही, आणि ते खरं असेल. ही सगळी चित्रं जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर घे. पहिलीतल्या पोराचे डोळे तिथं असतात.

वारलीबद्दल मी जरा कडक आहे. पालघर-डहाणूकडच्या वारली बायका लग्नाच्या घरात, गेरूनं सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठानं चौक लिहीत. ती लग्नाची गोष्ट होती, देवीची होती. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, रोजच्या जगण्यापर्यंत नेली, जगभर पोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कलेबद्दल मला काय वाटतं हे सांगायला वेगळं सदर लागेल. पण आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक 'बोलक्या भिंती'वर, पोलीस चौकीवर, पुलाखाली तेच त्रिकोणी नाच करताहेत, कारण ते काढायला सोपे वाटतात. वारल्यांची भिंत वारल्यांना माहीत असलेल्या गोष्टींनी भरलेली होती. ते त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. त्रिकोण नव्हेत.

आता भिंत. माझ्या त्या कऱ्हाडकडच्या चित्राचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मे महिन्यात, जुन्या डिस्टेंपरवर, थेट रंग मारला होता. श्रावणात बैलगाडी पापडासारखी सुटून खाली पडली. शिवळेचा प्रश्न आपोआप मिटला.

तुझ्या भिंतीवर तळवा घास. पांढरी भुकटी लागली तर तो डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून काढल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही. चिकटपट्टी घट्ट लाव आणि झटक्यात ओढ, खपली आली तर तिथंही तेच. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवस-दोन दिवस ठेव. आतून घाम आला तर भिंतीत ओल आहे. पलीकडं मुलांच्या पाण्याची टाकी किंवा नळ आहे का बघ, शाळांत बहुतेक वेळा तोच चोर असतो. आधी तो नळ दुरुस्त कर. लोणा (भिंतीवर फुटणारं पांढरं मीठ) लागला असेल तर कोरडा झटकून काढ, पाण्यानं धुवू नकोस, धुतलास की मीठ परत आत जातं. नवा गिलावा केलास तर पाणी मारून झाल्यावर महिनाभर हात लावायचा नाही. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, मग बाहेरचं अॅक्रिलिक इमल्शन. ऑइलपेंट नको, तो श्वास कोंडतो आणि उन्हानं तडकतो. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत असावं असा नियम आहे. मुलं हाताळणार आहेत, तेव्हा डब्यावर ते छापलेलं बघूनच घे आणि कुणाच्या माळ्यावरचे जुने डबे फुकट मिळाले तरी नको.

एका लिटरमध्ये रंगाचे दोन हात धरून साधारण पन्नास चौरस फूट होतात. तुझे ५६० चौरस फूट म्हणजे हिशोबानं अकरा-बारा लिटर, पण आठ रंग घेणार म्हटल्यावर प्रत्येकात थोडं उरतंच, तेव्हा सोळा-सतरा धर. म्हणजे ४५ हजारांतला मोठा वाटा रंगाचा नाहीच, तो गिलाव्याचा, गवंड्याचा आणि परांचीचा आहे. लोक उलटं करतात, महागडे रंग घेतात आणि भिंत तशीच ठेवतात.

रंग आठच घे. सोलापूरच्या उन्हात भडक लाल, राणी, नारिंगी वर्ष-दोन वर्षांत फिके पडतात आणि फ्लोरोसंट तर त्याआधीच. रेड ऑक्साइडचा तांबूस, पिवळा ऑकर, काळा, पांढरा, गडद निळा, गडद हिरवा हे टिकतात. उरलेले दोन तू या सहांतूनच मिसळून ठेव. काय दिसतंय बघ: ही जवळजवळ तुमच्या जुन्या चादरीची रंगपेटी झाली. खालचा दीड फूट मात्र गडद तांबूस ठेव. पूर्वी घरांना गेरूचा पट्टा असायचा तो उगाच नव्हे. पावसाचे शिंतोडे, चेंडू, शेळ्या सगळं तिथं येतं. तो पट्टा म्हणजे चादरीचा काठ समज.

काम दिवाळीनंतर काढ. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे भिंतीला हात लावता येत नाही, रंग ब्रशवरच सुकतो आणि भिंतीत मुरत नाही. थंडीतही सावलीमागं जा. भिंतीवर सकाळचं ऊन असेल तर दुपारी रंगव, दुपारचं असेल तर सकाळी. मुलं एका वेळी आठ-दहा, त्यापेक्षा जास्त नकोत, आणि कुठलंही मूल परांचीवर चढणार नाही. हात पोचेल तिथवर मुलांचं, वरचं मोठ्यांचं. भाषांचं म्हणशील तर, चित्रात चार लिप्यांत शब्द यावेत असं मला मनापासून वाटतं, पण ते तू कॉपी करून काढू नकोस. ज्याला ती लिपी येते त्यानं लिहावं आणि दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते एवढं आखणीत धर. उरलेला रंग बाटल्यांत भरून, झाकणावर शेड नंबर लिहून, शाळेच्या कपाटात ठेव. खरचटेल तेव्हा तुला फोन न करता कुणालाही ठिगळ लावता आलं पाहिजे.

राहिली तुझी आई.

तू तिला म्हणालीस, तुला भिंतीवर काढते. तुझ्या मनात मान होता, मला कळतं. तिनं काय ऐकलं असेल? विडीचं तेंदूपान भिजवणं, कापणं, वळणं, मोजणं, कारखान्यात नेऊन दिल्यावर त्यातल्या काही बाजूला फेकलेल्या बघणं. पाठ, मान, तंबाखूची धूळ. या कामातून पोरीला बाहेर काढावं म्हणून तिनं तुला त्या शाळेत घातलं, आणि पोर म्हणते, तुला त्याच कामाला जुंपलेली रस्त्यावर कायमची बसवते. मीही बोलले नसते. तिला काढू नकोस. शिवाय शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. त्याच शाळेच्या भिंतीवर विडी दिसली तर पहिला येणारा अधिकारी ती पुसायला लावेल. पण ते कारण दुसरं. तुझी आई नको म्हणाली, हे पहिलं आणि पुरेसं. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी बाईनं आपणहून म्हटलं, मला काढ, तर तिला विचार की तू काय करताना दिसायला हवीस. एखादी तेलुगू बायकांच्या बतुकम्मा सणाची फुलं रचताना म्हणेल, एखादी नुसती पाय पसरून बसलेली म्हणेल. तसंच काढ.

आईकडं मात्र दुसऱ्या कामासाठी जा. तुझ्या त्या चादरीच्या काठाला सत्तर फूट नक्षी हवीय. ती मुलं स्टेन्सिलनं छापतील, नाहीतर तुझे दोन महिने तिथंच जातील. स्टेन्सिल कशाची करायची? जुन्या एक्स-रे फिल्मची. घरोघरी कपाटावर पडलेल्या असतात. कोमट पाण्यात भिजवून वरचा थर घासला की स्वच्छ, लवचीक पारदर्शक पत्रा मिळतो, शेकडो वेळा रंग पुसला तरी फाटत नाही. तो कापायला मात्र हात सराईत हवा. नक्षी कोपऱ्यात नेमकी वळली पाहिजे आणि एक तुकडा दुसऱ्याला तंतोतंत जुळला पाहिजे. मी ए.टी.डी.च्या मुलांकडून कापून घेतल्यात, कडा करवतीसारख्या येतात. आणि तुझी आई पत्र्याचं माप पानावर ठेवून, न बघता, दिवसाला शेकडो पानं एकसारखी कापते.

तिला काही समजावू नकोस. फिल्म धुऊन वाळव, नक्षीकारांनी आखलेला काठ तिच्यावर उतरव आणि दुपारी तिच्या शेजारी बसून तू स्वतः कापायला लाग. वाकडं कापशीलच. कात्री तिच्या हातात आहेच.